चित्रकथाकाराची पेढी

गेल्या चातुर्मासातील एका सायंकाळी माझा पुतण्या घरी आला. आमच्या घराण्याची भुसार मालाची पेढी आता तोच सांभाळतो. इकडचे-तिकडचे बोलणे झाल्यावर त्याने मुद्द्याला हात घातला. “काका, मुलाला तुम्हीच समजावून सांगा. बी.कॉम. झाला आणि आता म्हणतो, चित्रकथा काढीन. पेढी नको आणि नोकरीही नको. तुम्ही छत्तीस वर्षे बँकेत लोकांचे ताळेबंद तपासलेत. या धंद्यात पोट भरते की नाही, एवढे त्याला आकड्यांत दाखवून द्या.”

दोन दिवसांनी नातू आला तो विटेएवढे जाड पुस्तक काखेत घेऊन. “आजोबा, आधी हे वाचा. मग तुम्ही सांगाल ते मी ऐकेन,” असे म्हणून तो पुस्तक ठेवून गेला. पुस्तकाचे नाव ‘बोन’, लेखक आणि चित्रकार अमेरिकेतील जेफ स्मिथ, पृष्ठसंख्या १३३२. आमच्या पिढीची चित्रकथांशी ओळख ‘चांदोबा’ आणि ‘अमर चित्र कथा’ यांच्यापुरती. त्यामुळे प्रारंभी केवळ नातवाला दिलेला शब्द पाळण्यासाठी वाचू लागलो. पंधरा दिवसांत ग्रंथ संपला. त्यानंतर या मनुष्याने हा व्यवहार केला कसा, हे समजून घेण्यात माझा आणखी महिना गेला, आणि आजचा लेख त्या दुसऱ्या महिन्याविषयी आहे.

स्मिथ यांचा जन्म १९६० चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातला. बालपण गेले ओहायो राज्यातील कोलंबस शहरात. मोठ्या नाकाची, पांढरी, हाडासारखी दिसणारी जी पात्रे पुढे त्यांच्या कथेचे नायक झाली, ती त्यांनी शाळकरी वयाच्याही आधी रेखाटली होती. वॉल्ट केली यांची ‘पोगो’ ही चित्रमालिका आणि कार्ल बार्क्स यांच्या बदकांच्या कथा ही त्यांची बालपणीची आवडती दैवते. यांपैकी बार्क्स यांचे उदाहरण व्यापारी वाचकांनी ध्यानात ठेवावे असे आहे. ‘अंकल स्क्रूज’ हे जगप्रसिद्ध कंजूष बदक त्यांनी १९४७ मध्ये निर्माण केले. परंतु मालकी डिस्ने कंपनीची. अंकावर चित्रकाराचे नावही छापले जात नसे. कित्येक वर्षे वाचक त्यांना ‘तो चांगली बदके काढणारा’ एवढ्याच ओळखीने जाणत होते.

ओहायो स्टेट विद्यापीठात शिकत असताना तेथील ‘लँटर्न’ या विद्यार्थी-दैनिकात स्मिथ यांनी १९८२ ते १९८६ या काळात ‘थॉर्न’ नावाची चित्रमालिका चालवली. पुढील महाग्रंथाचा हा कच्चा खर्डा म्हणावा लागेल. १९८६ मध्ये त्यांनी दोन मित्रांसह कोलंबसमध्ये चलचित्रांचा स्टुडिओ काढला. दुसऱ्यांची कामे कंत्राटाने करून द्यावयाची, असा तो धंदा होता. मिळकत होती, हात तयार होत होता. पण स्वतःची कथा कागदावर उतरत नव्हती.

वृत्तपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या संस्थांना तिकडे सिंडिकेट म्हणतात. तरुण चित्रकाराला प्रतिष्ठा आणि स्थैर्य देणारा तोच एक राजमार्ग होता. स्मिथ यांनी तेथेही प्रयत्न करून पाहिला, परंतु सूर जुळला नाही. त्या काळच्या अशा करारांमध्ये पात्रांची मालकी सामान्यतः संस्थेकडे जात असे आणि चित्रकार स्वतःच्या निर्मितीचा जणू पगारी कारकून होऊन राही.

मालकी गेली म्हणजे काय होते, याचा सर्वांत बोलका दस्तऐवज स्मिथ यांच्याच ओहायो राज्यातील दोन तरुणांचा आहे. क्लीव्हलँडचे जेरी सीगल आणि जो शस्टर या दोघांनी सुपरमॅन निर्माण केला. १९३८ च्या मार्च महिन्यात प्रकाशकाने त्यांना ४१२ डॉलरचा धनादेश दिला, त्यात सुपरमॅनच्या संपूर्ण हक्कांपोटी १३० डॉलर धरलेले होते. धनादेशावर दोघांची नावे चुकीची लिहिलेली, म्हणून पाठीमागे त्यांना दोन-दोन सह्या कराव्या लागल्या: एक चुकीच्या नावाने, एक बरोबर नावाने. बँकेतील माणसाला धनादेशाची मागची बाजू आधी पाहण्याची सवय असते. त्या चार सह्यांचे छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो. पुढे कंपनीने त्या पात्रावर अमाप पैसा मिळवला. हे दोघे मात्र न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहिले. १९७५ मध्ये लोकलाजेस्तव त्यांना प्रत्येकी वार्षिक २० हजार डॉलरचे निवृत्तिवेतन आणि कथेवर नाव मिळाले. तोच जुना धनादेश २०१२ मध्ये लिलावात गेला आणि १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला आणि ते विकल्याची पावती दीड लाखाला, असा हा हिशेब आहे!

स्मिथ यांनी दुसरा मार्ग धरला. १९९१ मध्ये त्यांनी ‘कार्टून बुक्स’ नावाची स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि जुलै महिन्यात ‘बोन’चा पहिला अंक बाजारात आणला. कृष्णधवल छपाई, पातळ अंक, सुमारे तीन हजार प्रती. कृष्णधवल छपाईमागे कलात्मक कारण असेलही, पण त्यात काटकसरही उघड आहे. रंगीत छपाईचा भार एकट्या माणसाच्या नव्या धंद्याला पेलला नसता. कथेचा शेवट काय होणार, हे मात्र त्यांच्या मनात आधीच ठरलेले होते. आज सुरू केलेले लेखन दहा-बारा वर्षांनी कोठे पोहोचणार हे ठाऊक असणे, ही माझ्या मते कोणत्याही कर्जप्रस्तावातील सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे.

येथे तिकडच्या बाजारपेठेची रीत सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय हा उद्योग उभा राहिला नसता. पूर्वी चित्रकथांचे अंक वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर ‘विकले तर पैसे, नाहीतर माल परत’ या बोलीवर जात. ज्याच्या गाठीशी मोठे भांडवल आहे, त्यालाच ते परवडे. १९७० च्या दशकात केवळ चित्रकथा विकणारी दुकाने वाढली आणि त्यांच्यासाठी नवी पद्धत रूढ झाली. प्रकाशक आगामी अंकाची माहिती वितरकाच्या सूचिपत्रात आधी छापणार, दुकानदार त्यावरून मागणी नोंदवणार, आणि एकदा उचललेला माल परत करता येणार नाही. परतीचा धोका दुकानदाराने पत्करला, त्याबदल्यात त्याला सूट अधिक मिळाली. वितरक छापील किमतीच्या निम्म्याहून अधिक सूट घेत असे. लहान प्रकाशकाचा लाभ असा की, छपाईयंत्र सुरू होण्यापूर्वीच किती प्रती खपणार ते कळे. आपल्याकडे नोंदणी घेऊन माल मागवणारा व्यापारी हेच करतो. जोखीम संपत नाही, पण गोदामात माल कुजत नाही.

पहिल्या वर्षी लेखन, चित्रे, अक्षरे, छापखाना, वितरकांशी पत्रव्यवहार, सारे एकाच माणसावर होते. परिणामी व्हायचे तेच झाले: चित्रे काढणारा हात देयके लिहिण्यात गुंतला. तेव्हा त्यांच्या पत्नी विजया अय्यर यांनी सिलिकॉन व्हॅलीतील आपली चांगल्या पगाराची नोकरी सोडली आणि कार्टून बुक्सचा कारभार हाती घेतला. त्यांच्या आडनावाशी आपल्या देशातील वाचकाचा परिचय आहेच. छपाई, वितरण, परदेशी भाषांचे हक्क, हिशेब या सर्वांची जबाबदारी त्यांनी उचलली आणि आज तीस वर्षे उलटून गेली तरी ती त्यांच्याचकडे आहे. स्मिथ यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण चित्रांचे गुणगान करून या बाईंना एका वाक्यात उरकतात, हे मला खटकले. आपल्या घरांतूनही गल्ल्यावर बसणाऱ्याचे नाव पाटीवर असते आणि उधारीची वही ज्या माउलीच्या तोंडपाठ असते तिचे नाव कोठेच नसते.

पाहता पाहता मागणी वाढली. जुन्या पिढीतील मान्यवर चित्रकारांनी या नव्या अंकाचे कौतुक केले, पहिल्या अंकाची पुनर्मुद्रणे निघत राहिली, आणि पारितोषिके येऊ लागली. या मालिकेला एकूण दहा आयस्नर आणि अकरा हार्वी पुरस्कार मिळाले. त्या क्षेत्रात यांहून मोठा सन्मान नाही.

परंतु याच काळात बाजार खचला. १९९० च्या दशकाच्या आरंभी लोकांनी चित्रकथांचे अंक शेअरसारखे गुंतवणूक म्हणून विकत घेतले होते. तो फुगा १९९३ नंतर फुटला. शेकडो दुकाने बंद पडली. मार्व्हलसारख्या बलाढ्य कंपनीला १९९६ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. वितरकांमध्येही उलथापालथ झाली आणि अखेरीस डायमंड हा एकच मोठा वितरक शिल्लक राहिला. स्मिथ यांच्यासोबत स्वतंत्रपणे प्रकाशन करू लागलेले अनेक गुणी चित्रकार या लाटेत नाहीसे झाले. नातवाला ही बाजू मी मुद्दाम विस्ताराने सांगितली. एका यशस्वी पेढीचा ताळेबंद वाचून त्या बाजारात सगळ्यांचेच भले झाले असे मानणे, ही चूक मी स्वतः कर्जे मंजूर करताना एकदा नव्हे, अनेकदा केली आहे.

त्या कठीण काळात स्मिथ दांपत्याने काय केले? १९९५ च्या अखेरीस त्यांनी ‘बोन’ इमेज कॉमिक्स या संस्थेच्या छत्राखाली नेला. ही संस्था १९९२ मध्ये चित्रकारांनीच स्थापन केलेली, आणि तेथे स्वामित्वहक्क निर्मात्याकडेच राहतो. वादळात मोठ्या झाडाचा आसरा घेतला. पण घर विकले नाही. काही अंकांनंतर ते पुन्हा स्वतःच्या नावाने प्रकाशन करू लागले.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सुटा अंक म्हणजे नाशवंत माल. महिना-दोन महिन्यांत तो दुकानाच्या फळीवरून उतरतो. स्मिथ यांनी १९९३ पासूनच पूर्ण झालेल्या अंकांचे संकलित खंड काढण्यास प्रारंभ केला आणि ते खंड कायम उपलब्ध राहतील याची काळजी घेतली. त्यामुळे पाचव्या वर्षी भेटलेला नवा वाचक पहिल्या खंडापासून सुरुवात करू शकत होता. चित्र काढण्याचे श्रम एकदाच. विक्री मात्र वर्षानुवर्षे. आज हे सर्वत्र चालते. त्या काळी फार थोडे लोक तसा विचार करीत.

अखेरचा, म्हणजे ५५ वा अंक जून २००४ मध्ये आला. मी सवयीप्रमाणे सरासरी काढली. तेरा वर्षांत ५५ अंक, म्हणजे सुमारे तीन महिन्यांना एक. तेराशेहून अधिक पाने, म्हणजे आठवड्याला दोन. पुतण्याला हे सांगताच तो हसला. “आठवड्याला दोनच पाने?” मग मी त्याच्यासमोर पुस्तक उघडून अजगराच्या गुहेचे नव्हे, तर साधे पावसाचे एक पान ठेवले. त्यातील प्रत्येक रेघ आधी पेन्सिलीने, मग कुंचल्याने शाई भरून, अक्षरेदेखील हातानेच. आणि हे तेरा वर्षे, रजेचा अर्ज स्वीकारणारा कोणी वरिष्ठ नसताना. तो पुढे काही बोलला नाही, पण पान मात्र उलटून पाहिले.

त्याच वर्षी सबंध कथेचा एकत्रित ग्रंथ निघाला, किंमत चाळीस डॉलरच्या आत. पुढील वर्षी, २००५ मध्ये, स्कोलॅस्टिक या बालसाहित्याच्या बड्या प्रकाशनसंस्थेने ‘ग्राफिक्स’ नावाचा नवा विभाग सुरू केला तो याच कथेच्या रंगीत आवृत्तीने. रंग भरले स्टीव्ह हमाकर यांनी. नऊ खंड निघाले. शाळांमधील पुस्तक-जत्रांतून आणि ग्रंथालयांतून त्यांच्या लाखो प्रती गेल्या. येथील मर्म असे की, स्मिथ यांनी कथा विकली नाही. रंगीत आवृत्तीचा परवाना दिला. कृष्णधवल ग्रंथ आजही कार्टून बुक्सच छापते. जमीन न विकता एका बाजूचा गाळा भाड्याने द्यावा, तसा हा व्यवहार. चित्रपटाची बोलणी मात्र अनेकदा होऊन फिसकटली. अलीकडे नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये जाहीर केलेली मालिकाही २०२२ मध्ये रद्द झाली. पण पुस्तके त्या उत्पन्नावर अवलंबून नव्हती, म्हणून पेढी डळमळली नाही.

कथेविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण काही वाचक नातवंडांसाठी पुस्तक मागवतील. तीन चुलतभाऊ आपल्या गावातून हाकलले जातात आणि एका अनोळखी खोऱ्यात पोहोचतात. तेथे थॉर्न नावाची मुलगी, तिची करारी आजी, उंदरासारखे राक्षस आणि एक लाल अजगर भेटतो. हाकलले जाण्याचे कारण म्हणजे त्यांच्यातला फोनी बोन, लबाड आणि लोभी व्यापारी! गायींच्या शर्यतीत तो भावालाच गायीचे सोंग देऊन पैजेचे पैसे लाटू पाहतो. आपल्या जातिवंत व्यवसायाचे असे चित्र पाहून मला प्रथम राग आला, मग दोन-तीन परिचित चेहरे आठवले आणि हसू आवरेना. पुढे कथा गंभीर होते, युद्धाचे प्रसंग येतात. मद्याचा गुत्ता आणि चिरूटही चित्रांत आहेत. तेव्हा लहान मुलांच्या हाती देण्यापूर्वी पालकांनी स्वतः चाळावे. अमेरिकेतही काही पालकांनी आक्षेप घेतले होते. तेथील ग्रंथालय संघटनेच्या २०१३ सालच्या सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत हे दहावे होते.

‘बोन’नंतर स्मिथ यांनी प्रौढांसाठी ‘रासल’ ही विज्ञानकथा २००८ ते २०१२ या काळात स्वतःच प्रकाशित केली. नंतर आदिमानवाची ‘टुकी’ ही कथा आधी आंतरजालावर आणि पुढे वाचकांकडून आगाऊ रक्कम गोळा करून पुस्तकरूपात आणली. कोलंबसमध्ये २०१५ पासून भरणाऱ्या चित्रकथा-महोत्सवाच्या संस्थापकांतही पती-पत्नी दोघे आहेत.

आता एक जुनी गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या गावी कर्जविभागात असताना माझ्याकडे एक चित्रकार आला होता. दुकानांच्या पाट्या रंगवी, आणि कॅलेंडरांसाठी देवादिकांची चित्रे काढी. त्याला छोटे छपाईयंत्र घ्यायचे होते. तारण काय, असे मी विचारले. त्याने पिशवीतून आपली चित्रे काढून टेबलावर मांडली. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवले. अर्जाच्या नमुन्यात जमीन, यंत्रसामग्री, मालसाठा असे रकाने होते. चित्राच्या हक्कासाठी रकाना नव्हता. त्यातील एक चित्र त्याने बाहेरगावच्या एका छापखान्याला एकरकमी दिले होते. पुढे वीस वर्षे ते मी किराणा दुकानांतून, डॉक्टरांच्या दवाखान्यांतून, आमच्या स्वतःच्या घरीही भिंतीवर पाहिले. माझा निर्णय नियमाला धरून होता, हे मी आजही म्हणतो. तरी ते चित्र दिसले की मान दुसरीकडे वळते.

त्याला तेव्हा कोणी कायदा सांगितला नव्हता, आणि मलाही तो ठाऊक नव्हता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. मात्र एक मोठी मेख आहे. नोकरीत काढलेल्या चित्राचा पहिला मालक सामान्यतः मालकच असतो, आणि मोबदला घेऊन एखाद्याच्या सांगण्यावरून रंगवलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा. आपल्यापैकी जे व्यापारी वेष्टनांसाठी, बोधचिन्हांसाठी चित्रे करून घेतात, त्यांनीही दोन ओळींचा करार करावा; त्यात दोघांचेही हित आहे.

हे सर्व टिपण मी पुतण्याला वाचून दाखवले. त्याने मुलाच्या भवितव्याविषयी एक अक्षर काढले नाही. विचारले ते एवढेच: “वितरक पैसे किती दिवसांनी देतो? आणि तो एकच असेल आणि बुडाला तर?” प्रश्न रास्त होता. वर उल्लेखलेल्या डायमंड कंपनीने २०२५ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. मी तसे सांगितले. तो म्हणाला, “मग पहिल्या प्रती आपणच हाताने विकायच्या. कुरिअरचा खर्च काढायला सांगा त्याला.”

नातवाने २४ पानांची कृष्णधवल पुस्तिका करण्यास घेतली आहे. बापाने तीन छापखान्यांकडून पाचशे प्रतींचे दर मागवले. सर्वांत स्वस्त दर नाकारला, कारण कागद हलका होता. दरम्यान एका जाहिरात संस्थेकडून नातवाला पात्रे रेखाटण्याचे काम आले आणि सोबत बारा कलमांचा करार. तो त्याने सही करण्यापूर्वी माझ्याकडे आणून दिला. सातव्या कलमात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे होते. ते पेन्सिलीने खुणावून, मुदत पाच वर्षे आणि वापर फक्त त्या जाहिरातीपुरता अशी दुरुस्ती सुचवून आम्ही परत पाठवले. त्याला आज अकरा दिवस झाले. उत्तर अद्याप आलेले नाही.